कंडक्टर पुढेच बसते

सोमवार, ३ जून. सकाळ.
मुलाने गाडीच्या मागच्या सीटवर नातीसाठी खास खुर्ची बसवली. पट्टे, बक्कल, मधोमध लाल बटण. पाच वर्षांच्या पोरीला एवढं करकचून बांधायचं, तर पार्सलनेच का पाठवू नये? पण नवा कायदा आहे म्हणे. लहान मुलं मागे, खुर्चीत, पट्टा लावून. पुढे दिसली की दंड. सूनबाईने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझ्याकडून! अख्खी नोकरी बस चालवली, साठ-साठ माणसं उभी नेली, गाडीला ओरखडा नाही. असो. कायदा म्हणजे कायदा. आजपासून कडक अंमलबजावणी.

दुपार.
अंमलबजावणी झाली. शाळेच्या गेटवर बटण दबेना. मागून हॉर्नवर हॉर्न. कंडक्टर आत अडकलेली. (नातीला मी कंडक्टर म्हणतो. ती टिंग टिंग म्हणाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.) शेवटी वॉचमनने एका बोटाने उघडलं. मी मुद्दामच उघडू दिलं. आपण कुणाच्या उपयोगी पडलो असं माणसाला वाटलं पाहिजे. माझा अंगठा हल्ली जरा आखडतो, पण त्याचा इथे संबंध नाही. बटणच घट्ट आहे. कंपनीचा दोष.

मंगळवार, ४ जून.
शांतपणे विचार केला. कंडक्टरला मागे बांधून ठेवलं तर बेल कोण मारणार? तिलाही पटलं. तोडगा: घरासमोर मागे बसायचं, पट्टा नुसता अंगावर ओढायचा, बेकरीच्या वळणावर पुढे यायचं. सूनबाई गॅलरीतून हात हलवते, तिचंही समाधान. यात फसवणूक काही नाही. वळणापर्यंत कायदा पाळलाच की.

गुरुवार, ६ जून.
चौकात ट्रॅफिक पोलीस. लगेच खेळ शोधून काढला. मी ‘स्टॉप’ म्हटलं की कंडक्टरने डॅशबोर्डखाली दडी मारायची. चौक गेला की वर येऊन टिंग टिंग. दोघं पोट धरधरून हसलो. घरी बोलायचं नाही, हे तिने न सांगता ओळखलं. हुशारी आमच्या घराण्यातच आहे.

शनिवार, ८ जून.
जेवताना सूनबाईने विचारलं, मागेच बसते ना ही? मला ठसका लागला. कंडक्टर म्हणाली, हो, मागेच, पट्टा मानेला टोचतो पण मी बसते. ते ‘टोचतो’ मी शिकवलेलं नाही. तिचं स्वतःचं. जरा चरकलो. सोमवारपासून मागे म्हणजे मागे. ठरलं.

सोमवार, १० जून.
अंगठा आखडलेला. उद्यापासून.

बुधवार, १२ जून.
शाळेतून येताना चौकात पोलीस. मी ‘स्टॉप’ म्हटलं. ती खाली गेली. मी पोलिसाकडे बघत राहिलो आणि पुढचा टेम्पो थांबलाय हे दिसलंच नाही. ब्रेक मारला. टेम्पो वाचला. कंडक्टरचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं. ओठ फुटला, फ्रॉकवर रक्त. ती रडली नाही. माझ्याच तोंडाकडे बघत बसली.
दवाखान्यात दाखवलं. टाके नकोत म्हणाले. मी ‘आपटली’ एवढंच सांगितलं. कुठे ते त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा निष्काळजीपणा. घरी येऊन फ्रॉक भिजत घातला, डॅशबोर्ड लख्ख पुसला.
संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. ओठ बघून किंचाळलीच. मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. पण कंडक्टर आधीच म्हणाली, शाळेत पडले, घसरगुंडीवरून. मी तोंड मिटलं.

गुरुवार, १३ जून.
आज मागे बसवली, पट्टा लावला. खिशात चमचा ठेवला होता. चमच्याची दांडी बटणावर रोवून जोर दिला की उघडतं. सहज उघडतं. म्हणजे पहिल्या दिवशीही उघडलं असतं.
सूनबाई सुट्टी टाकून शाळेत जाऊन आली. खेळाच्या बाईंना मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर झापलं म्हणे. सूनबाईला बरं वाटत होतं. मी मान हलवली. नक्की कशासाठी हलवली, माहीत नाही.

शुक्रवार, १४ जून.
खेळाच्या बाई गेटवर माझी वाट बघत उभ्या. कोवळी पोर, नोकरी अजून कायम झालेली नाही. म्हणाली, आजोबा, ती कधी पडली मला आठवतच नाहीये, पण चूक माझीच, लक्ष कमी पडलं. डोळे भरले होते तिचे. मी म्हणालो, असू दे, होतं असं कधी कधी.
मी तिला माफ केलं. मी!
रविवारी सगळे घरी असतात. रविवारी सांगणार. काय वाटेल ते होवो.

शनिवार, १५ जून.
उद्या.

रविवार, १६ जून.
सांगितलं. चहा झाल्यावर, दोघांना समोर बसवून. पुढे बसवत होतो, पोलीस दिसला की खाली लपवत होतो, माझ्या ब्रेकने ओठ फुटला. अंगठ्याचंही सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. हलकं वाटलं.
सूनबाईचे डोळे पाणावले. म्हणाली, बाबा, तुमचा स्वभावच असा, दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची. त्या बाईंनी गेटवर तुमच्यापुढे रडगाणं गायलं असणार. मुलगा हसला. म्हणाला, तुम्ही आणि ब्रेक चुकणार? नोकरीत एक ओरखडा नाही, हे लहानपणापासून ऐकतोय मी.
मी चिडलो. सगळ्यांना खाली नेऊन डॅशबोर्ड दाखवला. लख्ख.
मग कंडक्टरला बोलावलं. सूनबाईने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, खरं सांग, कुणी रागावणार नाही. मीही म्हणालो, बाळा, सांग खरं. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, घसरगुंडीवरून. पिवळ्या. आजोबा तर तेव्हा नव्हतेच.
पापणीसुद्धा लवली नाही.
सूनबाई उद्या शाळेला लेखी तक्रार देणार आहे. मीही मुख्याध्यापिकांकडे जाणार, तिच्या आधी जाणार. पण त्याही कंडक्टरलाच बोलावून विचारतील.
कंडक्टर आत्ताच येऊन कानात सांगून गेली, की मोठ्या बाईंनी विचारलं तरी ती माझं नाव सांगणार नाही. घाबरू नका म्हणाली.