पहिली डिस्क

३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बेटावरच्या वेधशाळेत बसून तू इतकं सुवाच्य लिहू शकतोस, तर शाळेत काय होत होतं कोण जाणे. तुझ्या सूचनांप्रमाणे आमच्या रक्तपेढीचे तिन्ही डेस्कटॉप लिनक्स या नव्या प्रणालीवर चालायला लागले. नोंदणीच्या खिडकीवरची बाई पहिल्या दिवशी रुसली, दुसऱ्या दिवशी शिकली आणि आज मलाच शिकवत होती.

राहिला सर्व्हर. उद्या सकाळी तोही करते. गेल्या खेपेला येऊन तू त्यात नवी डिस्क बसवलीस. तिच्याशेजारी जुनी, दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी असलेली. दोन्ही दिसायला जुळ्या. तुझी ओळ मला पाठ आहे. लिनक्स घालताना कुठली डिस्क पुसू असं यंत्र विचारेल, तेव्हा पहिली सांगायची, ती नवी. दुसरीला हात लावायचा नाही.

आज पेटी उघडून पाहिली. आत इतकी धूळ की लाज वाटली. वायरी काढल्या, सगळं पुसून घेतलं आणि वरच्या डिस्कची वायर वरच्या खाचेत, खालचीची खालच्या, अशा ओळीने लावल्या. तू त्या उलटसुलट खोचून गेला होतास. पसारा तुझ्या अंगातच आहे.

तुझी चिमी ठीक आहे. डॉक्टर वीस तारखेच्या आसपास म्हणतात. आजोबा व्हायच्या तयारीला लाग.

लोभ आहेच, तो वाढव म्हणत नाही. पत्रं तेवढी वेळेवर टाक.

तुझी ताई


५ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल साडेनऊला पहिली डिस्क पुसली. यंत्राने दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. दुपारी सर्व्हर झकास सुरू झाला. मग यादी उघडायला गेले, तर दुसरी डिस्क कोरी करकरीत. वायरी मी हलवल्या होत्या. जुनी पहिली झाली होती, आणि मी तीच पुसली.

एकेचाळीस माणसं होती यादीत. हा गट लागला की आसपासची सगळी इस्पितळं आम्हालाच फोन करतात. दुसरी प्रत नाही. दात्यांची नावं दोन ठिकाणी असू नयेत, हा नियम माझाच. जुन्या वह्याही मीच उभं राहून फाडून घेतल्या.

आता तुझ्यापासून लपवलेलं लिहिते. या गटाची एक बाई आमच्याच इस्पितळाच्या वॉर्डात आहे. बाळंतपणात रक्त जास्त जाईल, पिशव्या हाताशी हव्यातच, असं मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती बाई म्हणजे चिमी. गेल्या महिन्यात कळलं. तू तिकडे एकटा, म्हणून मी तिला तुला लिहू दिलं नाही. यादी आत्याच्या ताब्यात असताना बाबांच्या जिवाला घोर कशाला, असं मीच तिला समजावलं होतं.

संगणकाच्या दुकानातले गृहस्थ आठ तारखेला येणार आहेत. सुरू करून बघू, काहीतरी निघेलच, असं त्यांचं म्हणणं. तोवर यंत्र बंद ठेवलंय. कारण काही नाही, त्याच्याकडे बघवत नाही एवढंच.

चिमीला अजून सांगितलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी बसते आणि बाळाच्या टोपड्याचे टाके मोजते.

रागाव, पण लवकर लिही.

ताई


७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं तीन तारखेचं पत्र आत्ता होडीतून उतरलं. धूळ पुसल्याचं वाचलं आणि पुढचं वाचवेना.

त्या पेटीत पहिली-दुसरी ठरते ती वायर कुठल्या खाचेत आहे यावरून. नवी पहिली यावी म्हणून मी वायरी मुद्दाम उलट लावल्या होत्या, आणि तेवढंच लिहायचं राहिलं. डिस्कवर छापलेला नंबर कळवायला हवा होता. मी पहिली असं लिहून मोकळा झालो. तू लिहिलेलं अक्षरन् अक्षर पाळतेस, हे मला पन्नास वर्षं माहीत असून.

आज सात तारीख. तू चारलाच बटण दाबलं असणार. कुठल्याही कामाला तू एक दिवस तरी उशीर केलास का कधी? आज पहिल्यांदाच वाटतंय, केला असावास.

पुसली असशील तरी सगळं गेलं असं नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, आतली पानं बरीचशी राहतात. पण यंत्र चालू असलं की ते त्या पानांवर नवं लिहीत सुटतं. म्हणून ते बंद हवं, आणि बंदच राहायला हवं.

इथलं वायरलेस हवामानाच्या आकड्यांसाठी, नाहीतर जिवावर बेतलं तर. कोणाच्या जिवावर बेतलंय, असं आमच्या साहेबांनी विचारलं. नाव माहीत नाही पण कोणाच्या तरी, असं मी सांगितलं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि परवानगी दिली. बंदराच्या कचेरीमार्फत निरोप येईल. हे सगळं वाचून तू मला वेड्यात काढलंस तर माझ्याइतका सुखी कोणी नाही.

चिमीला आशीर्वाद. ती हल्ली लिहीत नाही. आळशीपणा तिने माझ्याकडून उचललाय.

तुझा
धाकटा


११ जून

ती. ताईस नमस्कार.

पाच तारखेचं पत्र काल मिळालं. आधी कृती लिहितो.

दोन्ही डिस्क बाहेर काढ. जुनीवरचा नंबर कागदावर उतरव आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घे. तिच्याहून मोठी, कोरी डिस्क आण. एका डेस्कटॉपची स्वतःची डिस्क काढून जुनी आणि कोरी त्याला जोड, आणि तो मी दिलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू कर. आधी जुनीची जशीच्या तशी नक्कल कोरीवर घ्यायची. सबंध दिवस जाईल, जाऊ दे. मग जुनी काढून कपाटात ठेव आणि शोधाशोध फक्त नकलेत कर. आज्ञा मागच्या पानावर आहेत. यात पहिली-दुसरी कुठेही नाही, सगळीकडे नंबर आहेत. नंबर जुळला नाही तर हात मागे घे.

समुद्र खवळलाय, महिनाअखेरपर्यंत माणसांची होडी नाही. टपालाची पेटी दोरीने बोटीवर चढवतात. मला त्या पेटीत घालता येईल का विचारलं. साहेब म्हणाले, वजन जास्त होईल.

चिमीला सांग, बाबा रागावलेले नाहीत. तुझ्यावर रागावलोय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

धाकटा


२१ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

मुलगी झाल्याचा निरोप वायरलेसवर मिळाला असेल. दोघी ठीक आहेत. आता बाकीचं.

आठ तारखेला बंदराचा शिपाई चिठ्ठी घेऊन दारात आला, तेव्हा दुकानवाल्या गृहस्थांचं बोट बटणापाशी होतं. मी त्यांचं मनगट धरून मागे खेचलं. ते चहा न घेता गेले.

चौदाला तुझं पत्र आलं, पंधराला कोरी डिस्क. सोळाला नंबर मी तीनदा वाचले, नोंदणीच्या बाईने दोनदा. नक्कल सकाळी दहाला सुरू झाली ती सहाला संपली. आठ तास आम्ही त्या खोलीत पंखासुद्धा लावला नाही, कुठली वायर हलेल या भीतीने. एकेचाळीसपैकी तेवीस नावं निघाली, काही अर्धी. फोन नंबर शाबूत असलेली नऊ. त्यांतली तिघं गाव सोडून गेलेली, दोघं आजारी, एकीच्या पोटात बाळ, एकाने फोन उचलला नाही. दोन माणसं आली. लेथवर काम करणारा एक गडी, आणि दातांची एक डॉक्टरीण. वर्षभर एक चौकशी नाही आणि आता तातडीने या म्हणता, म्हणून ती मला चांगलीच बोलली. मी ऐकून घेतलं.

दोघांनी रक्त दिलं त्या दिवशी चिमीला खरं सांगितलं. ती म्हणाली, तिला आधीच कळलं होतं. आत्या टाके मोजायला लागली की काहीतरी बिघडलेलं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

एकोणीसला दोन्ही पिशव्या लागल्या. दुसरी संपायच्या सुमारास रक्त थांबलं. तिसरी नव्हती. दुसरी चढत असताना मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दारातून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी नाही अशी मान हलवली होती. मी मान हलवल्याचं चिमीला आणि जावयांना माहीत नाही. तुलाच सांगते.

सापडलेली तेवीस नावं हाताने कागदावर उतरवून मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात ठेवली आहेत. उरलेल्या अठरांसाठी आसपासच्या इस्पितळांना पत्रं टाकली आहेत. त्यांतल्या कोणाला काही झालं तर आम्हाला कळणारही नाही, हे डोक्यातून जात नाही.

सर्व्हर तसाच पडलाय. जुनी डिस्क कपाटात आहे, नवी कोरीच आहे, पुसलं जाण्यासारखं तिच्यावर काही नाही. तरी कुठली डिस्क पुसू हा प्रश्न पडद्यावर आला की माझा हात पुढे होत नाही. काल दोनदा बसून दोनदा उठले. होडी मिळाली की ये. आधी लेकीकडे जा, नातीला बघ, पोटभर जेव. मग इकडे ये. मी शेजारी बसून प्रश्न मोठ्याने वाचीन. हो म्हणायचं ते तू म्हण.

लोभ आहे, तो असू दे.

ताई