दुसरं केंद्रक

३ डिसेंबर
कोल्हापूर आवडलं! नाशिकहून निघताना आईने मनसोक्त रडून घेतलं, पण इथे आल्यापासून मला कुणी उपाशी किंवा गप्प राहूच दिलेलं नाही. सासूबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांचा आवाज रंकाळ्याच्या पलीकडे जावा. विश्वजित मात्र अबोल. अजून एकदाही नावाने हाक मारलेली नाही, ‘अगं’वर भागवतो. लाजत असेल. त्याचं हे दुसरं लग्न. पहिली, वर्षाराणी, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. कुणी काही लपवलं नाही.

५ डिसेंबर
जोतिबाला जाऊन आलो, केसांतला गुलाल निघता निघेना. घरी येताच आक्कांनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. गुजरीतल्या सोनाराकडून घडवून घेतलेला, नखाएवढा, त्यावर उठवलेली बाई म्हणजे वर्षाराणी. दुसरेपणावर आलेलीने तो घालायचाच म्हणे. हळदीकुंकू आधी तिला, नवी साडी आधी तिला लावायची, मग आपण नेसायची. जीवशास्त्रात एमएस्सी झालेल्या बाईने! हसू आलं. पण एवढ्याशा चांदीने घर खूश होत असेल तर माझं काय जातंय?

१० डिसेंबर
कॉलेजात रुजू झाले. अकरावीचं प्रॅक्टिकल घेतलं: गाल आतून खरवडायचा, पेशी निळ्या रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. आधी माझाच गाल दिला. प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका, ते तिचं केंद्रक. माझ्या एका पेशीत दोन निघाले. पोरं तुटून पडली. मी ऐटीत सांगितलं, असं असतं कधीकधी, यकृतात तर अशा पेशी कितीतरी असतात.

१८ डिसेंबर
पुन्हा बघितलं. आता बहुतेक पेशींत दोन. काच बदलली, रंग बदलला. प्रयोगशाळेतल्या पिराजींचा गाल मागितला, त्यांच्यात एकेकच.
आज पांढरा रस्सा केला. विश्वजितने दोनदा वाढून घेतला, डोळे पुसले. आक्का म्हणाल्या, अक्षी तिच्या हातचा हाय की. मला रस्सा कुणी शिकवला? कुणीच नाही.

२३ डिसेंबर
टाक काढून फेकला. आक्का रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, काढलास तरी चालंल, तिला आता घर सापडलंय.
मी त्यांच्या अंगावर ओरडले, अस्सल इथल्या बोलीत. त्या खूश होऊन हसल्या.
या लोकांना सून नकोच होती. रिकामं भांडं हवं होतं, मी आपल्या पायांनी चालत आले. चीड येते. त्यांची, आणि ‘माझं काय जातंय’ म्हणणाऱ्या माझीही.

२७ डिसेंबर
प्रत्येक पेशीत दोन. एक केंद्रक फुगलेलं, गडद. दुसरं फिकट, कडा विरत चाललेल्या. त्यातलं माझं —
आईचा फोन. माझा आवाज बदललाय म्हणून रडली. कोण रडतंय तेच मला बराच वेळ कळेना.

३० डिसेंबर
अवनी. अवनी. मी अवनी. रोज लिहायचं, म्हणजे —

१ जानेवारी
एकच केंद्रक. सगळ्या पेशींत एकच. सुटले?
पण उरलंय ते कुणाचं —
विश्वजित दारात आलाय. हसतोय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच नावाने हाक मारली.
‘वर्षा’ म्हणाला.
आणि मी ‘व्हय की’ म्हट—