सारवलेला स्लॅब

आत्याबाई, सुनेने सासूला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर आता वीस वर्षं होतील. पण आज हौद धुऊन घेतला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

पंचाण्णव-शहाण्णव साल असेल. मी नवी सून. माझं माहेर घोडेगावकडचं, पाटाच्या पाण्यावरचं. पाणी म्हणजे दारापुढून वाहत जाणारी गोष्ट. इथे मिरजगावात आल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघराच्या आधी स्लॅब दाखवलात. तिथे चपला घालून जायचं नाही, थुंकायचं नाही. तिथलं पावसाचं पाणी पाइपाने अंगणातल्या हौदात उतरायचं आणि तेच आपण उन्हाळाभर प्यायचो, कारण विहिरीच्या मचूळ पाण्यात डाळसुद्धा शिजत नसे. एवढं काय, देवघर आहे का ते, असं मी मनात म्हणायची.

त्या वर्षी नागपंचमीला तुम्ही मला माहेरी पाठवलं नाहीत. मूग तोडणीला आला होता, माणूस मिळत नव्हतं. कारण खरं होतं, तरी मी आठ दिवस फुगून बसले. मग शेंगा घरी आल्या. तुम्ही शेतात गेलेल्या. वाळवण घालायचं म्हणून मी माहेरच्या सवयीने सगळा स्लॅब शेणाने छान सारवून काढला. शेंगा वर न्यायच्या आतच सर आली आणि हिरवट पाणी धो धो हौदात पडायला लागलं. मी जिन्यात उभी. तुम्ही भिजत पळत येताय, पदर खोचताय, पाइप हिसडून बाहेर ओढताय, हे मला अजून दिसतं. पण अर्धा हौद भरलेला होता, तो नासला तो नासलाच.

मामा कडाडले, "कुनी केलं ह्ये?"

आता पिशवी भरून माहेरी रवानगी, असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, "मीच सारवाया सांगितलं हुतं. पावसाचं ध्यानात न्हाई ऱ्हायलं." तुमच्या हातून कधी तांब्याभर पाणी वाया गेलं नव्हतं. मामा तुमच्याकडे बघतच राहिले आणि मग बादली आणायला गेले.

माझी खरडपट्टी चुलीपुढे निघाली. "तुज्या म्हायेरी पानी पाटानं येतं. आमच्यात आभाळातनं येतं, अन् त्या सलॅपवरनं घरात. कळलं का?"

"कळलं."

"मग जेव."

दोन दिवस आपण हौद उपसला, चुन्याने धुतला. नंतर तुम्ही रोज आभाळाकडे बघायचात आणि मी तुमच्याकडे. हस्ताचा पाऊस आला आणि हौद काठोकाठ भरला, तेव्हा मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. "लई येडी हाय," म्हणालात. इतकं हलकं मला पुढे बाळंतपणातून सुटल्यावरच वाटलं.

आता नळ आलाय, चहा मात्र हौदाच्याच पाण्याचा. हे पत्र कुठे टाकणार? घडी करून माझ्याच पेटीत राहील. पण एक सांगायचंय. त्या दिवशी जेवताना तुम्ही विचारलं होतंत, "जाताना दारातनं वरडून सांगितलं हुतं, वर काय करशील तर आदी पाइप काढ म्हनून. ऐकलं न्हाई का?" मी म्हणाले, नाही ऐकू आलं. ऐकू आलं होतं, आत्याबाई. पंचमीचा राग होता.