नोंदवहीतला मंगळवार

दि. ४, गुरुवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी दुकान न उघडता मी बाबांच्या वृद्धाश्रमात गेलो. आंघोळीच्या वेळी ते अंगावर धावून येतात, घरचं कुणी असलं तर बरं, असं व्यवस्थापकबाईंनी कळवलं होतं. आंघोळ घालणाऱ्या मावशींना मी थोडी मदत केली. तरी बाबांचं नख त्यांना लागलं, डोळ्याखाली चांगला दोन बोटं ओरखडा. मावशी बिचाऱ्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजोबा वाईट नाहीत हो, पण उद्या डोळाच गेला तर माझ्या लेकरांकडे कोण बघणार? मला मान वर करता येईना.

नोंदवहीत 'विनाकारण हल्ला' असं लिहिलं गेलं. या महिनाभरातला तिसरा. आता बाई म्हणतात, गुंगीच्या गोळ्यांना संमती द्या, नाहीतर त्यांना घरी न्या. आमचे दोन जिने आणि दिवसभर बंद असलेलं घर तुला ठाऊक आहे. संमतीचा कागद आणलाय, बावीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. रोज सकाळी देवापुढे बसतो, पण मागावं काय तेच सुचत नाही. तूच सांग.

तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा धाकटा

दि. ८, सोमवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पन्नाशी आली तरी अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखंच. तुझे दाजी भिंग शोधत होते.

बाबा तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते, हे तिथे कुणाला सांगितलंयस का? खांबावर चढण्याआधी फ्यूज स्वतःच्या हाताने काढून खिशात घालायचे. दुसरा कुणी बंद केलंय म्हणाला तर त्याच्यावर कधी विसंबले नाहीत. लहानपणी मी ओल्या हाताने बटण दाबायला गेले, तर बाबांचा असा फटका बसला की बोटं सुजली. मग स्वतःच रडत बसले. तिथे न्हाणीघरात गिझर असेल ना? मावशी तो कधी बंद करतात, नीट बघ.

आणि एक. थोडी मदत केली म्हणजे नक्की काय केलंस? तेवढंच वाक्य घाईने उरकलेलं दिसतंय. मी रागावणार नाही. लपवलंस तर मात्र कान धरीन.

वहिनीची आठवण काढली म्हणून सांग. जिवाला जप.
ताई

दि. २२, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. पहिला तांब्या ओतला की मावशी ओल्याच हाताने गिझरचं बटण दाबायच्या, आणि बाबा त्यांचा हात झटकायचे. मावशींना तो मार वाटायचा. बाबा त्यांना वाचवत होते. आता पाणी आधीच बादलीत काढतो आणि गिझरचा प्लग उपसून बाबांच्या समोर धरतो. ते उलटसुलट बघतात, वायर ओढून बघतात आणि मावशींना म्हणतात, चढ आता. मावशी म्हणाल्या, गुडघे बघा माझे, खांबावर कुठे चढवता! आठवडा बरा गेला. शनिवारी बदलीवर आलेल्या दुसऱ्या मावशींनी घाई केली, तेव्हा त्यांना चापट बसलीच. एकदम सगळं सुधारेल असं नाही.

पण त्या पहिल्या मंगळवारी गिझरपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती, ताई. मी आधीच बाबांची दोन्ही मनगटं मागून आवळून धरली होती. दुकानाला उशीर होत होता आणि लोकांसमोर लाज वाटत होती. सोड रे बाळा, असं ते दोनदा म्हणाले. मी सोडलं नाही. धडपडीत एक हात निसटला, तो मावशींच्या तोंडावर गेला. मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. सदरा चढवताना ते बाहीखाली झाकले, आणि बाई नोंद लिहीत असताना गप्प उभा राहिलो. म्हणूनच देवापुढे शब्द फुटत नव्हता.

आज ऑफिसात गेलो. बाई आणि मावशी, दोघींसमोर सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, आजोबांना इथे ठेवायचं की नाही ते विचार करून कळवते. मग मी नोंदवही मागून घेतली. मंगळवारच्या ओळीखाली लिहिलं, 'कारण होते. मुलाने मनगटे धरून ठेवली होती.' खाली माझी सही केली. संमतीचा कागद कोराच परत दिला.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा धाकटा