तळ्याकाठची बारा बाकं

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव, रागवायचं मग. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. (बायकोला सर्दी झाली आहे, पण ती माझ्यामुळे झाली नाही असं तिने प्रथमच कबूल केलं.)

तुझं पत्र मिळालं. बागेतली बाकं नाहीशी झाल्याचं तुला कुणी कळवलं ते विचारत नाही, पण त्या माणसाने अर्धीच बातमी दिली. काका गेल्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लावून तू जे बाक आमच्या उद्यान खात्याला दिलंस, ते शाबूत आहे. बाराच्या बारा बाकं तळ्याकाठी परत आली आहेत, हिरवीगार आहेत, आणि माझी नोकरीही आहे. आता सावकाश ऐक.

आमचं खातं म्हणजे फुलांना पाणी घालणारं, असं लोकांना वाटतं. पण कुणाची फांदी तारेवर पडली, तळ्याला वास आला, की सगळं आमच्याच गळ्यात. पालापाचोळा जाळायचं बंद करून आम्ही त्याचं खत करतो आणि रहिवाशांना पिशव्या भरून फुकट देतो, तर त्यात गांडूळ निघालं म्हणून एका बाईंनी लेखी तक्रार केली. (गांडूळ निघालं म्हणजे खत उत्तम, असं मीही लेखी कळवलं. त्या अजून बोलत नाहीत.) अशा खात्यात बाकं उचलून गोदामात नेऊन रंगवायचा हुकूम निघाला. पाट्यांना रंग लागू नये म्हणून मी त्या काढवल्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा घातला आणि तोच आकडा तिच्या बाकाच्या खालच्या बाजूला. बाकाची खालची बाजू कुठलाही रंगारी रंगवत नाही. आमच्याने रंगवली. दोन हात दिले. वर मला वाकून बघायलाही लावलं.

बाकं सगळी एकसारखी, आणि नोंदवहीत प्रत्येकापुढे ‘तळ्याकाठी’ एवढंच लिहिलेलं. सोमवारपर्यंत पाट्या लावा, नाहीतर लेखी खुलासा द्या, असं मोठ्या साहेबांनी बजावलं. खुलाशाचं मला काही नाही गं, ते मी झोपेतही लिहितो. पण काकांची पाटी परक्या बाकावर लागेल या विचाराने घास उतरेना.

आधी मी आपल्या माणसाच्या नावाने बाकं दिलेल्या लोकांना विचारलं, तिथेच चुकलो. ज्याला त्याला झाडाखालचंच बाक आपलं म्हणून आठवलं. चौघांनी एकाच बाकावर हक्क सांगितला, त्यातल्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी आमच्या माळीणबाई (खात्यातलं एकमेव शहाणं माणूस) म्हणाल्या, “साहेब, विचारताय कशाला? बसू द्या की त्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडलं आणि मी नोंदवही घेऊन खताच्या ढिगामागे दबा धरून बसलो. आत्या, काय सांगू! आदल्या दिवशी झाडाखालच्या बाकासाठी भांडलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका मुकाट्याने उन्हातल्या बाकावर जाऊन बसल्या. शिंपी आला, तो गेलेल्या भावाची उजवीकडची जागा मोकळी ठेवून अंग चोरून बसला. कुणी इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. मी लिहीत गेलो, माळीणबाई पाट्या लावत गेल्या. खताच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्यांना सांगितलं. तीन दिवसांत काम उरकलं, मोठे साहेब खूश झाले आणि मी सुटलो. हल्ली दोन घास जास्तच जातात.

सूनबाईला नमस्कार, नातवंडांना माझ्यातर्फे एकेक धपाटा.

तुझा (अजून लाडका असेन तर) भाचा

ता. क. : काम उरकलं म्हणजे दहा पाट्यांचं. दोन बाकांवर तीन दिवसांत कुणीच बसलं नाही, आणि दोन पाट्या माझ्या खणात आहेत. त्यातली एक काकांची. मोठ्या साहेबांनी मोजल्या नाहीत, म्हणून वाचलो. तू लेकाकडे राहायला गेलीस त्याला तीन वर्षं झाली. एकदा येऊन जा. मी फाटकाशी घ्यायला येईन. काही दाखवणार नाही, काही विचारणार नाही. तू फक्त येऊन बस.

आणखी एक : गुडघ्याची सबब सांगू नकोस. तू बसलीस की दुसऱ्या पाटीलाही तिचं बाक मिळेल. मी चौकशी केली, तिच्यासाठी येणारं कुणी उरलेलं नाही.