घरच्यांचं मत चालत नाही

उतेना, २८ एप्रिल

प्रिय रिमविदास,

नॉर्वेत तू बरा असशील आणि त्या मासळीच्या कारखान्यात दहाही बोटं शाबूत असतील, असं धरून चालते. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून कागद घेतला. यावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

उग्नेचं कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. तुझी लेक तिसऱ्यांदा लिथुआनियातर्फे युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेला चाललीय! निवड जाहीर झाली तेव्हा मी या वयात खुर्चीवर चढून ओरडले. शेजारची योलांता धावत आली; तिला वाटलं, घरात उंदीर शिरला. गावाला तर नुसतं उधाण आलंय. बेकरीवाल्यानं काळ्या पावाच्या वेष्टनावर तिचा फोटो छापलाय. पाव तसाच कच्चा.

आठवतं, बारा वर्षांची असताना रिगाच्या बालस्पर्धेला तू तिला बर्फातून गाडीनं नेलंस? दुसरी आली आणि परतीच्या वाटेवर तूच जास्त गात होतास. मग मोठ्या स्पर्धेत पहिल्या खेपेला उपांत्य फेरीतच गारद झाली, आठवडाभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या खेपेला अंतिम फेरी गाठली, पण नंबर तळाला. प्रेक्षकांच्या फोनवरच्या मतांतून फक्त नॉर्वेनं पूर्ण बारा गुण दिले. ती सगळ्या युरोपसमोर "बाबा!" म्हणून ओरडली. मी नंतर तिला म्हटलं, अगं, तिथे आपली हजारो माणसं आहेत, एकट्या बाबाच्या मतानं काय होतंय. पण तू दिलं होतंस ना? मला माहीत आहे, दिलं होतंस.

नियमही काय काढलाय बघ! आपल्या देशाला आपणच मत द्यायचं नाही. मी सख्खी आई, माझं मत चालत नाही. घर सोडून गेलेल्याचं चालतं. म्हणून हे पत्र. चौदा मेला, स्पर्धेच्या रात्री, कारखान्यातल्या एकूण एक माणसाला फोन घेऊन बसव, एवढंच मागायचं होतं.

पण रविवारी उग्ने आली. बीटचं गार सूप दोन वाट्या प्यायली आणि विचारलं, कुणाला लिहितेस. सांगितलं.

"मतं कुणीही देईल, आई," ती म्हणाली. "मागच्या वेळी टीव्हीवाल्यांनी आपलं घर दाखवलं, तेव्हा सोफ्यावर तू एकटीच होतीस. मला बाबांचं मत नको. तुझ्या शेजारी ते बसलेले हवेत."

मी म्हटलं, थोड्या मतांनी हुकलीस तर?

"हुकू दे," म्हणाली. आणि भांडी घासायला उठली.

तेव्हा आता काय लिहू? विजेच्या खांबावरचा करकोचा मार्चातच परतलाय. नर आधी येऊन घरट्याची डागडुजी करतो म्हणे. पक्ष्याला कळतं. बागेतले बटाटे अजून लावायचेत. आणि हे फक्त लेकीसाठी लिहितेय, असं वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण ते खोटं आहे. मलाही तू हवा आहेस, रिमविदास.

ये. इथे बसलास की तुझं मतही माझ्यासारखंच बाद. दोघं मिळून नुसतं बघत बसू.

अजून तुझंच आडनाव लावणारी,
दांगुओले