मंगळवार कोणाच्या नावे करावा

लिहून ठेवते ते असे की, माझे वय चोपन्न, धंदा पदव्युत्तर मुलामुलींना मानसोपचार शिकवण्याचा. त्यातही एकात एक गुंतलेली दहा दुखणी घेऊन येणाऱ्या माणसासमोर कसे बसावे, हे शिकवण्याचा. माझे डोके ठिकाणावर आहे. दुसऱ्यांची डोकी ठिकाणावर आहेत की नाहीत हे बावीस वर्षे मी ठरवत आले; स्वतःपुरता डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण स्वतःची तपासणी स्वतः करू नये हे मी पहिल्याच तासाला शिकवते. यकृताचे काय ते त्याच दाखल्यात आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली केलेले नाही. दबाव आणायला कोणी फिरकलेच नाही.

१. तिसऱ्या मजल्यावरील माझी दोन खोल्यांची राहती जागा, लांब सोफा वगळून सर्व सामानासह, पुतणीला. न्हाणीघरातला नळ आधी फिरवून मग वर उचलावा लागतो. तिने मानसशास्त्र घेऊ नये ही अट वकिलांनी 'टिकणार नाही' म्हणून खोडली. विनंती म्हणून ती इथेच ठेवते.

२. बँकेत असेल ते दादाला. आजारपणात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि आमच्या घरात ते प्रेमातच मोडते. लांब सोफा वहिनींना. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "वन्सं, समोरचा बोलतो आणि तुम्ही नुसती मान हलवता, त्याला नोकरी म्हणतात होय?" हा राग मी आजवर नीट सांभाळला. चौथे कलम वाचून झाले की त्यांनी सोफ्यावर बसून हवे तेवढे हसावे.

३. विभागाला काही नाही. ज्या काचेमागे बसून मी मुलांनी घेतलेल्या रुग्णांच्या मुलाखती पाहिल्या, गुण दिले, ती काच विभागाचीच आहे. पलीकडच्यांना त्या काचेत फक्त स्वतःचे तोंड दिसते. माझ्या बाजूने सगळे दिसते असे मी समजत होते.

४. माझा शोधनिबंध मागे घ्यावा. संपादकांना लिहिलेले पत्र सोबत आहे. कारण इथे सविस्तर लिहिते, कारण पत्रात मी जरा सभ्य राहिले आहे.

आमच्या विभागात उपचाराला एक शिंपीण येत असे. डावा कान नवऱ्याच्या मारात गेलेला. त्याच कानात मेलेली आई बोलते. फिट येतात. मुलगी बोलत नाही, ती संस्थेत असते. फिटचे डॉक्टर तिला कानाच्या डॉक्टरांकडे धाडत, ते आमच्याकडे, आम्ही समाजसेविकेकडे, आणि समाजसेविका पुन्हा फिटकडे. शिकवायला याहून चांगली केस नाही असे मी ठरवले. आमच्या पद्धतीप्रमाणे विद्यार्थी दर सहा महिन्यांनी बदलतो आणि नवा आलेला म्हणतो, "अगदी सुरुवातीपासून सांगा." साडेनऊ वर्षांत शिंपिणीने एकोणीस जणांना अगदी सुरुवातीपासून सांगितले. सत्राच्या शेवटी ती प्रश्नावली भरी, आकडे दर वेळी सुधारत. विद्यार्थी बदलले तरी सुधारणा टिकते, असा निष्कर्ष मी काढला. परिषदेत टाळ्या मिळाल्या.

एकोणिसाव्या मुलीची परीक्षा झाली त्या दिवशी शिंपीण मला जिन्यात भेटली आणि हळूच म्हणाली, "पास झाली ना हो ती? फार घाबरली होती बिचारी. म्हणून मी बरोबर चाळिसाव्या मिनिटाला रडले. शेवटची दहा मिनिटं तुम्हाला आवरायला लागतात ना."

प्रश्नावलीचेही तसेच होते. आकडे वाढले की मुलींचे चेहरे खुलत, म्हणून ती वाढवून देई.

मी विचारले, "आणि तुम्ही स्वतः कशा आहात?"

"ते परीक्षा झाल्यावर सांगू म्हणते दर वेळी. पण परीक्षा झाली की पोरगीच जाते."

५. मंगळवार, सकाळी अकरा ते बाराला दहा कमी. ही माझी एकमेव मिळकत आहे जिची मला काळजी वाटते. जिन्यातल्या त्या दिवसानंतर शिंपिणीला मी स्वतः भेटू लागले. अकरा महिने झाले. काच झाकलेली, वही नाही, गुण नाहीत. पहिले तीन महिने ती नुसती ब्लाउजांना हातशिलाई घालत बसे. मग तिने एक गोष्ट सांगितली. ती एकोणीस फायलींत नाही आणि इथेही नाही. त्यानंतर डाव्या कानातली आई जरा हळू बोलू लागली, असे ती म्हणते. मी प्रश्नावली दिलेली नाही.

माझ्यानंतर तिच्यासमोर कोणी बसावे म्हणून मी तिघांना विचारले. माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीने सांगितले की मॅडम, तुमच्यासाठी काहीही, पण मंगळवारी ती मोठ्या कंपन्यांत अधिकाऱ्यांना शांत राहायला शिकवते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी निवृत्तीला आला आहे. नवे काही अंगावर घेणार नाही म्हणून त्याने हात वर केले. तिसरे विभागप्रमुख, माझ्याच पहिल्या तुकडीतले. त्यांनी माझाच शोधनिबंध माझ्यापुढे उघडला. "मॅडम, ही बाई बरी झाली आहे. तक्ता तुमचाच आहे. केस बंद करू."

तक्ता खोटा आहे म्हटल्यावर ते म्हणाले की निबंध मागे घ्यायला वर्ष-दीड वर्ष जाते, तोवर छापलेलेच खरे. माझ्याकडे डॉक्टरांच्या हिशेबाने आठवडे आहेत. जाता जाता त्यांनी एक उपाय मात्र सुचवला. पुढच्या सत्रापासून विद्यार्थी खऱ्या माणसांवर शिकणार नाहीत, रुग्णांची सोंगे घेणाऱ्या नटांवर शिकतील. शिंपिणीला त्यात घेता येईल. मी त्यांना घडवले याबद्दल माझा कोणावरही दावा नाही.

गेल्या मंगळवारी मी तिला सगळे सांगितले: माझे यकृत, तिघांचे नकार, नटीची जागा. तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"तिथं त्या घाबरलेल्या पोरीच असतील ना?"

मी हो म्हटले.

"मग येईन. तेच सांगायचं ना, सुरुवातीपासून?"

मी आणखी काही बोलणार तोच ती रडू लागली. माझी नजर सवयीने घड्याळाकडे गेली. अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. उरलेल्या दहा मिनिटांत मी सगळे नीट आवरले, तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "छान सांगितलंत हो तुम्ही." ते रडणे तिचे होते की माझ्यासाठी होते, हे मला ओळखता आले नाही. सबब मंगळवार कोणाच्याही नावे न करता हे मृत्युपत्र पुरे करते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यात फिरवण्यासारखे काही सापडले नाही म्हणून दोघांदेखत सही केली.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: उपचार करणारे डॉक्टर. सही.
साक्षीदार २: तळमजल्यावरील औषधविक्रेते. सही.
(पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या परिशिष्टात.)

स्थळ: माझी राहती जागा, तिसरा मजला.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार.